कांदळवनात वॉकवे करा, पण गाड्या खंय लावतलास?

रविवारी संध्याकाळी तिठ्यावर जो राडा झाला तो सविस्तर लिहून टाकतो, कारण ग्रुपवर त्याचे तुकडे फिरतायत आणि प्रत्येक तुकडा वाचून वाटतं की अर्धा गाव पर्यटनाच्या विरोधात आहे. तसं काही नव्हतं. ग्रामपंचायतीने खाडीकाठच्या कांदळवनात (खारफुटीच्या जंगलात) लोकांना फिरायला आणायचा प्लॅन काढलाय, त्यात लाकडी वॉकवे, पक्षी बघायला टॉवर, सेल्फी पॉइंट (हा नसला तर बहुतेक मंजुरी मिळत नसावी), संडास-बाथरूम, रात्रीचे दिवे, आणि खाली कोपऱ्यात पेव्हर ब्लॉकचं पार्किंग. नकाशाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आलाय, झूम करून कोणी बघितलाय की नाही ते माहीत नाही.

बाबल्या रिक्षावाला पहिल्यापासून प्लॅनच्या बाजूने. त्याचं म्हणणं सरळ आहे, लोक मालवणला जातात, तारकर्लीला जातात, आपल्या गावातून नुसता हॉर्न वाजवत पुढे निघून जातात, चार माणसं इथे थांबली तर चार घरं चालतील, पोरांना मुंबईला जावं लागणार नाही. यावर मंग्या, जो स्वतःच मे महिना आणि गणपतीपुरता गावात असतो, म्हणाला की कशाला माणसं आणताय, सरळ कुंपण घाला, अभयारण्य करून टाका, कोणीच आत नको.

झालं. अण्णा उसळलाच. अण्णा रोज पाग (फेकायचं जाळं) घेऊन खाडीत उतरणारा माणूस. म्हणाला, "कोणीच नको म्हंजे मी पण नको मां? मालवणात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाला, तेवापासून मच्छीमारांचो विरोध हा तो काय उगाच? तू जातलंय परत मुंबैक, मी खंय जावचा?" मंग्याकडे उत्तर नव्हतं. चहा सांगितला त्याने.

मग मास्तरांनी कायद्याचं काढलं आणि खरं सांगतो, तिथून चर्चेला जरा अर्थ आला. सरकारी जमिनीवरची कांदळवनं हायकोर्टाच्या २००५ च्या आदेशानंतर राखीव वन म्हणून जाहीर होत गेली, त्यामुळे पंचायतीने ठराव केला म्हणजे उद्यापासून खांब पुरायला सुरुवात, असं होत नाही, वनखात्याचा कांदळवन कक्ष त्यात येणारच. आणि २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कांदळवनातल्या वॉकवेला, निसर्ग पायवाटेला चक्क परवानगी आहे, फक्त तो भाग ठरवून दिलेला हवा, त्याचा आराखडा किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशात हवा आणि आधी जनसुनावणी वगैरे झालेली हवी. म्हणजे "सरकार काय करूकच देणा नाय" हे बाबल्याचं नेहमीचं रडगाणं पण खोटं आणि "लाकडी वॉकवे म्हणजे बेकायदा" हे मंग्याचं पण खोटं.

पण त्याच अधिसूचनेत आणखी एक आहे. कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्या कडेने ५० मीटरचा पट्टा मोकळा सोडायचा, त्यालाही कांदळवनाइतकंच संरक्षण. आता नकाशा झूम करा. पार्किंग कुठे दाखवलंय? चिपीची (हे कांदळवनातलंच एक झाड) झाडं संपतात तिथून हाकेच्या अंतरावर, बायका चिखलातून काढलेल्या कालवं-तिसऱ्या (शिंपल्या) घेऊन जिथून वर येतात बरोब्बर त्या वाटेवर.

माझं मत मी तिथेही सांगितलं, इथेही सांगतो. भांडण वॉकवेवरून चाललंय पण गाव बिघडणार ते पार्किंगने. वॉकवे खांबांवर उभा राहतो, नीट केला तर खालून भरतीचं पाणी जातं, तिवराची वर आलेली मुळं श्वास घेत राहतात. पार्किंगला भराव लागतो, भराव आला की पाणी अडतं, पाणी अडलं की मागची झाडं उभी सुकतात, ते काय आपण हायवेच्या कामात बघितलं नाही का. शिवाय गाडी जिथे थांबते तिथेच वडापाव, तिथेच बाटल्या, तिथेच स्पीकर. गाडी तिठ्यावर थांबू दे ना. शाळेसमोरची मोकळी जागा सुट्टीच्या दिवशी रिकामीच असते, तिथून चालत किंवा रिक्षाने खाडीवर. हे ऐकल्यावर बाबल्याचा चेहरा बघायला हवा होता, पाच मिनिटांपूर्वी "गाडये येवक होये तर पार्किंग खाडीरच होया, लोक काय आबाळातसून उतारतले?" असं ओरडत होता, आता हिशोब करायला लागला.

वेंगुर्ल्याचं उदाहरण त्यानेच दिलं मग. मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफारी चालवतात, होडी वल्हवत नेतात, इंजिनाचा आवाज नाही, कांदळ कुठलं नि तिवर कुठलं ते सांगतात. वेळासला पण तेच, कासवं बघायला येणारी माणसं गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. दोन्हीकडे येणाऱ्याला गावातलं माणूस घेऊन जातं, गेट उघडून "जावा बघा" असं नाही. आपल्या प्लॅनमध्ये गेट आहे, तिकीट खिडकी आहे, पण ती कोण चालवणार, पैसे कोणाकडे, ठेकेदाराकडे की बचतगटाकडे, याबद्दल एक ओळ नाही. आणि अण्णाला आत जायला तिकीट लागणार का? हा प्रश्न सगळ्यांनी हसण्यावारी नेला, मला तो अजिबात विनोदी वाटत नाही.

दिव्यांवर फार वाद झाला नाही. शेकडो बगळे रात्री तिथे वस्तीला असतात, तिथे फोकस मारायचा हे मंग्यापासून बाबल्यापर्यंत कोणालाच पटलं नाही. पावसात वॉकवे बंद ठेवायचा हे पण. उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं हे ड्रॉइंग काढणाऱ्याने अण्णाला विचारलं असतं तर टॉवर आहे त्या जागी दाखवलाच नसता, असं अण्णाचं म्हणणं, आणि त्यात तो चुकत नाही.

एवढ्यात वैनी आल्या, अण्णाला घरी न्यायला. ग्रामसभेची नोटीस लागलीय, हा विषय त्यात आहे, हे ऐकून म्हणाल्या सकाळी दहा वाजता? चौथ-पंचमीची सुकती (ओहोटी) नऊच्या आसपास असते, आम्ही सगळ्या तेव्हा चिखलात. मास्तर म्हणाले, अहो पण ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, तिथे बोला. वैनी म्हणाल्या, "ती झाली. माझ्या घराकडे शिपाय इलो, सही घेतल्यान नि गेलो. विषय कसलो तां काय सांगूक नाय."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि एक अर्ज सांगायला सुरुवात केली, लिहिणार मी. महिला सभा परत घ्या, ग्रामसभा दुपारी घ्या, आणि पार्किंगची जागा नकाशातून वगळून मगच ठराव मांडा. उद्या सकाळी ग्रामसेवकाकडे द्यायला जातोय. रिक्षा बाबल्याची, भाडं मंग्या देणार, आणि वैनी म्हणाल्यात की त्या आणखी दहाजणींना घेऊन येतील त्यामुळे बाबल्याला दोन फेऱ्या माराव्या लागणार, परतीचं भाडं कोण देणार यावर अजून एकमत नाही.