ताइचीवर अन्याय झाला म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी चहा घेता घेता भाच्याचं स्टेटस बघितलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. 'चिहायाफुरू' या जपानी अ‍ॅनिमेतली क्लिप. ताइची चिहायाला मनातलं सांगतो, ती "सॉरी" म्हणते, आणि बरोबर तिथेच कापलेली. मागे रडकं हिंदी गाणं, वर तुटलेला बदाम आणि खाली 'ताइची डिझर्व्ह्ड बेटर'.

लगेच फोन लावला. म्हटलं, बाळा, हे काय? तर म्हणतो, "आत्या, प्राथमिक शाळेपासून प्रेम आहे त्याचं तिच्यावर. क्लब उभा केला तिच्यासाठी. तिने निदान नीट विचार करून तरी उत्तर द्यायचं ना."

नीट विचार करून. म्हणजे उत्तर 'हो' येईपर्यंत विचार करत बसायचं.

तर हे त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. लांबलचक होणार आहे. अ‍ॅनिमे म्हणजे पोरांची कार्टून असं ज्यांना वाटतं त्यांनी इथूनच पुढे सरकावं, तुमच्याशी माझं भांडण वेगळं आहे.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यापुरतं सांगते. यातला खेळ म्हणजे स्पर्धेतला कारुता. फुजिवारा नो तेइका नावाच्या कवीने निवडलेल्या १०० कवींच्या १०० कविता. त्यातल्या ५० कवितांचे पत्ते चटईवर मांडायचे, २५ माझ्या बाजूला, २५ तुझ्या. पत्त्यावर फक्त कवितेचा उत्तरार्ध. कुठे काय आहे ते डोक्यात बसवायला १५ मिनिटं. मग वाचणारा पूर्वार्ध वाचायला लागतो आणि ज्याला आधी ओळखू येईल त्याने पत्त्यावर हात मारायचा. बाकीच्या ५० कवितासुद्धा वाचल्या जातात, पण त्यांचा पत्ता चटईवर नसतोच. तिथे हात मारलात की फसलात. सात कविता अशा आहेत की पहिल्या अक्षरालाच कळतात. आपल्याकडे भेंड्यांमध्ये अक्षर तोंडातून निघायच्या आत गाणं सुरू करणारी एक मावशी असते बघा, तशा दोन मावश्या समोरासमोर बसवा, की झाला कारुता. आणि हा कसला खेळ म्हणणाऱ्यांनी चिहायाला कारुता शिकवणाऱ्या हारादा सरांचे गुडघे बघावेत.

आता गंमत ऐका. या १०० कवितांपैकी ४३ प्रेमाच्या आहेत. विरहाच्या, वाट बघण्याच्या, लपवलेल्या प्रेमाच्या. चिहाया रोज त्यांच्यावर ओणवी बसलेली असते आणि तिला ऐकू येतो फक्त पहिला आवाज. कान इतके तिखट की अक्षर फुटायच्या आतली हवा ऐकते, पण शेजारी बसलेला मुलगा काय सांगतोय ते नाही. त्यांच्या शाळेतल्या कारुता क्लबमधल्या कानादेला कळलेलं असतं, जवळपास सगळ्या क्लबला कळलेलं असतं. कानेमोरी नावाच्या कवीची एक कविता आहे त्या शंभरात: मी लपवलं तरी चेहऱ्यावर आलंच, लोक विचारायला लागले, कोणाचा विचार करतोस म्हणून. हुबेहूब ताइची. हीच कविता ९६० सालच्या दरबारी काव्यस्पर्धेत दुसऱ्या एका प्रेमकवितेसमोर होती आणि जिंकली. हरलेल्या तादामीने म्हणे हाय खाऊन प्राण सोडला. दंतकथाच असणार. पण हरलेल्याच्या बाजूने हळहळायची हौस किती जुनी आहे बघा.

हो, चिहायाचं आंधळेपण कधीकधी डोक्यात जातं. मान्य. चला पुढे.

मला ते "सॉरी" इतकं का लागतं ते आता सांगते. जवळच्या दोघीतिघींना माहीत आहे, बाकीच्यांना नाही.

कॉलेजात मी खो-खो खेळायचे. सांगलीकडचं कॉलेज. मुलांचा आणि आमचा सराव एकाच मैदानावर, वेळा पुढेमागे. दुसऱ्या वर्षाला असताना मुलांच्या संघाच्या कप्तानाने मला विचारलं. मैदानाकडेच्या नळावर मी पायाची माती धूत होते. चांगला मुलगा होता. वाईट काही बोलला नाही, सरळ विचारलं. मी म्हटलं, "नाही रे. सॉरी." त्याने मान हलवली आणि गेला.

एवढंच घडलं. प्रेमकथा म्हणावी असं काही नाहीच त्यात.

दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला यायचा बंद झाला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर. आणि आठवड्याभरात अख्ख्या मैदानाला कळलेलं होतं की संघाची वाट मी लावली. त्याने खेळ सोडला, आणि त्याचा जाब मला विचारायचा! क्रीडाशिक्षक म्हणाले, "स्पर्धा होईपर्यंत थांबायचं होतंस." कशाला थांबायचं होतं? तोवर काय खोटं हसायचं होतं का रोज? माझी रूममेट तर म्हणाली, "हो म्हणून टाकायचंस, नंतर बघितलं असतं." बिचारा, बिचारा, बिचारा. तीन वर्षांत त्याला 'बिचारा' म्हणणारे जितके भेटले तितके मला "तू बरी आहेस ना" विचारणारे नाही भेटले.

म्हणून भाच्या, तुझी क्लिप जिथे संपते ना, तिथून पुढचं मला बघवत नाही आणि तरी मी पुन्हा पुन्हा बघते. ताइचीच्या वाढदिवसाची म्हणून चिहायाने स्पर्धा ठेवलेली असते. ती आटपते आणि मग तो सांगतो. ती "सॉरी" म्हणते. तो क्लब सोडतो. आणि ती? तिचा खेळ उधळतो. क्वीन, म्हणजे कारुतातली स्त्रियांमधली सर्वोच्च विजेती, व्हायचं स्वप्न घेऊन क्लब उभा करणारी मुलगी, ती पण सरावापासून लांब जाते. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही आणि तरी तिला वाटतं की हे सगळं माझ्यामुळे झालं.

मालिका तिला दोषी ठरवत नाही. हेच मला मोठं वाटतं. आणि तिने आराताला, दोघांच्या लहानपणच्या मित्राला, हो म्हटलंय म्हणून ताइचीला नाही, असंही नाहीये, जे लोक परस्पर ठरवून टाकतात. आराताने आधी विचारलेलं असतं, पण त्यालाही तिने काही दिलेलं नसतं. तिच्या नकारामागे दुसरा मुलगा नाही. नुसता नकार आहे. तेवढ्याने लोकांचं समाधान होत नाही, कारण शोधावंच लागतं त्यांना.

मी पण मैदानावर जायची बंद झाले होते तेव्हा. मागच्या फाटकाने वर्गात, मागच्या फाटकाने हॉस्टेलवर. शेवटी एक ज्युनिअर पोरगी खोलीवर आली, दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, खांबाजवळ कोण बसणार मग?" बाकी एक शब्द नाही. न सांत्वन, न उपदेश. मी गेले. पहिल्या दिवशी सूर मारताना खांब हुकला आणि कोपर सोलवटलं. कोणी हसलं नाही.

आता ताइचीबद्दल. मला तो आवडत नाही असं समजू नका. उलट या मालिकेत सगळ्यात जास्त मेहनतीने घडवलेला माणूस तोच आहे. आराता काय, जन्मजात, आजोबा एवढे मोठे मेइजिन, म्हणजे पुरुषांमधले सर्वोच्च विजेते. ताइचीकडे काय होतं? "जिंकता येणार नसेल ते करूच नकोस" म्हणणारी आई, उत्तम स्मरणशक्ती आणि फुटकं नशीब. दोघांकडे एकेकच पत्ता उरला की निकाल नशिबावर जातो, आणि त्याचा पत्ता काही वाचला जात नाही.

लहानपणी शाळेच्या स्पर्धेत त्याने आराताचा चष्मा लपवला होता, हे विसरू नका. चिहायासमोर हरायला नको म्हणून. नंतर स्वतःच कबूल केलं आराताकडे, आणि चिहायाला सांगू नकोस म्हणाला. पुढचे तीन सीझन हा मुलगा त्या चष्म्यापासून लांब पळायचा प्रयत्न करतोय. ब गटात दोनदा उपविजेता झाला तेव्हा अ गटात जायची वाट उघडली होती. नाही म्हणाला, जिंकून जाईन. पळ काढणारा माणूस व्हायचं नाही म्हणून. तारुण्य पणाला लावलं तरी मी आराताच्या पुढे जाऊ शकत नाही, असं तो एकदा हारादा सरांना म्हणतो. सर म्हणतात, आधी लाव, मग बोल. मी तेव्हा उठून उभी राहिले होते सोफ्यावरून.

तर असा मुलगा. आणि याच मुलाने नकारानंतर काय केलं? चिहाया त्याला परत ये म्हणून सांगायला येते तेव्हा तिच्या मर्जीविरुद्ध तिचं चुंबन घेतो आणि म्हणतो मला सगळे पत्ते काळे दिसतात. त्या क्लिपचं स्टेटस कोणी ठेवत नाही! तिथे गाणं लावा ना. 'डिझर्व्ह्ड बेटर' म्हणा ना तिच्यासाठी. दुःख झालं म्हणून सगळं माफ असतं का रे?

पाणी पिऊन आले.

मालिका त्याला तिथेही माफ करत नाही आणि राक्षसही करत नाही. तो सुओकडे जातो, त्या विचित्र, पुटपुटत बोलणाऱ्या मेइजिनकडे. क्लब नाही, चिहाया नाही, कोणाला दाखवायचं नाही. आजवर तो कोणासाठी तरी खेळत आला होता, पहिल्यांदाच नुसता खेळतो. सुधारतो तो इथे. नकार पचवून उदात्त होऊन नाही, पडून, घाण वागून, मग हळूहळू. तिला मिळवण्यासाठी सुधारला असता तर मी तिथेच टीव्ही बंद केला असता.

भाच्याने याच्यावर हुकमी पत्ता टाकलाच फोनवर. (पुढे शेवट फुटणार आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) "पण आत्या, शेवटी ती ताइचीलाच हो म्हणते ना!" हो. म्हणते. मूळ मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिकच्या, ५०व्या खंडात, २०२२ साली. चिहाया क्वीन होते, आराता मेइजिन होतो आणि चिहाया ताइचीला जाऊन सांगते. मला स्वतःला हा शेवट थोडा नको होता, कारण थांबलं की मिळतं हे म्हणायला पोरांना आयतं कोलीत मिळालं. पण नीट वाच बाळा. सांगते ती. तिच्या वेळेला, तिच्या पायांनी चालत जाऊन. तो दारात धरणं धरून बसलेला नव्हता, क्योतोला मेडिकलला निघालेला होता. आधीचं "सॉरी" तेव्हाही खरंच होतं. तिने नंतर मन बदललं म्हणून आधीचं उत्तर चुकीचं ठरत नाही.

माझ्या गोष्टीत तसं काही झालं नाही, उगाच वाट बघू नका. तो कप्तान मला बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटला. जेवणाच्या रांगेत, हातात ताट. बायको सोबत, मुलगी काखेत. थोडं इकडचं तिकडचं बोलून तोच म्हणाला, "मी कोणालाच सांगितलं नव्हतं गं. मला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून येत नव्हतो. पोरांना कुठून कळलं कोण जाणे." नळावर तेव्हा पाणी भरायला किती जणी उभ्या होत्या ते मला तिथे ताट धरून आठवायला लागलं.

इतकी वर्षं मी राग त्याच्यावर ठेवला होता. तो बिचारा खरंच नुसता लाजला होता. (म्हटलं बघा मी पण, बिचारा.) मला मैदानावरून हाकललं ते बघ्यांनी. ताइची आणि चिहायाचं काय व्हायचं ते दोघं बघून घेतात, कितीही धडपडत. तुटका बदाम घेऊन बाजूला उभे असतात ते आपण.

असो. जरा शांत झाले लिहून.

ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी: पहिला सीझन २०११चा, मॅडहाऊस स्टुडिओने केलेला, २५ भागांचा. सुरुवातीला पोरं लहान दिसतात म्हणून सोडू नका, चष्म्याचा भाग तिथेच आहे. दुसरा २०१३ मध्ये आला, आणि तिसऱ्यासाठी या लोकांनी २०१९ पर्यंत ताटकळत ठेवलं. ताइची खरा उभा राहतो तो भाग, मेइजिनला आव्हान कोण देणार यासाठीचा त्याचा आणि आराताचा सामना, तो अ‍ॅनिमेत आलेलाच नाही. मांगात वाचावा लागतो. ताइची हरतो त्यात. मी ती पानं वाचताना पहिल्यांदा आराताच्या विरोधात होते, आणि मला आराता आवडतो.

तो सामना हलताना, आवाजासकट बघायचाय मला. मॅडहाऊसवाल्यांना मराठी येत असतं तर खाली त्यांनाच टॅग केलं असतं.