आधी तारखा सांगा, मग प्रेक्षक मोजा

२०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग, म्हणजे भारतातली महिला फुटबॉल लीग, ईस्ट बंगालने जिंकली. बंगालच्या क्लबला हा मान पहिल्यांदाच मिळाला. लंडनमध्ये बसून मी तो हंगाम जमेल तसा मोबाइलवर पाहिला. कोल्हापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर त्याबद्दल काही लिहिलं, की उत्तर ठरलेलं असायचं: "स्टँड मोकळे पडलेत. बघायला कोण नाही, तर पैसा कशाला ओतायचा?" त्यावर दुसऱ्याची पुस्ती: "तुमच्या इंग्लंडात बघ, बायकांच्या मॅचला साठ-साठ हजार माणूस येतंय."

येतं, खरंच येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडच्या सामन्याला एमिरेट्स स्टेडियमवर ६०,१६० प्रेक्षक होते. पण हे इंग्लंडच्या रक्तातच आहे असं मित्राने धरून चाललंय, आणि गफलत तिथेच आहे. १९२० मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक-कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक लोटले होते. वर्षभरातच, डिसेंबर १९२१ मध्ये, इथल्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद करून टाकली. ती बंदी उठायला जवळपास ५० वर्षं गेली. जमलेली गर्दी कागदावरच्या एका ठरावाने घालवता येते, आणि मग ती परत आणायला पिढ्या खर्ची पडतात.

इंग्लंडची महिला फुटबॉल लीग, विमेन्स सुपर लीग, २०११ मध्ये आठ संघांवर सुरू झाली, पूर्ण व्यावसायिक व्हायला २०१८ उजाडलं. एमिरेट्सचा फोटो सगळीकडे फिरतो, पण विजेतेपदांची रास लावणारा चेल्सीचा महिला संघ घरचे बहुतेक सामने पाच हजारही माणसं मावत नाहीत अशा किंग्जमेडो मैदानावर खेळत आलाय, हे कोणी सांगत नाही. वरच्या लीगमध्ये अनेक वर्षं काढलेल्या रेडिंगच्या महिला संघाला २०२४ मध्ये क्लबकडे पैसा नसल्यामुळे थेट पाचव्या पायरीवर जावं लागलं. तेव्हा इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी सांगणार नाही. फरक इतकाच, की पुढचा हंगाम कधी सुरू होणार आणि कोणता संघ कोणाच्या मैदानावर कधी जाणार, हे इथे उन्हाळ्यातच कळतं. माझ्या शेजारचं कुटुंब त्यावरून सुट्टीचे बेत आखतं.

ग्रुपवर तिसरा युक्तिवाद क्रिकेटचा. डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची क्रिकेट लीग, बाजाराने उभी केली, तशी फुटबॉलनेही स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणे. अहो, पण २०२३ मध्ये डब्ल्यूपीएलचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क ९५१ कोटींना आणि पाच संघ मिळून ४,६६९ कोटींना विकले गेले, तेव्हा एकही चेंडू पडलेला नव्हता! पैसा आधी आला, तारखा ठरल्या, स्टेडियम नंतर भरलं.

आपल्या महिला फुटबॉल लीगचा पहिला हंगाम २०१७ मध्ये दिल्लीत सहा संघांमध्ये दोन-अडीच आठवड्यांत उरकला होता. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून खेळण्याची पद्धत थेट २०२३-२४ मध्ये आली. तोवर कोझिकोडचा गोकुळम केरळ सलग तीनदा विजेता झाला होता, तोही एका शहरात सगळे संघ गोळा करून खेळवलेल्या स्पर्धांत. कोझिकोडच्या पोरीसोरींनी आपल्या विजेत्यांना बघायचं कुठे? २०२४-२५ मध्येही आठ संघ, प्रत्येकी १४ सामने, जानेवारी ते एप्रिल. मग पुढे? भारतीय फुटबॉल फेडरेशनने क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला ३.२ लाख देण्याची अट घातली, हे चांगलंच झालं. पण म्हणजे महिन्याला २६-२७ हजार. त्यात करिअर करायचं. आणि २०२३-२४ चा विजेता ओडिशा एफसी पुढच्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरला. अशा लीगमध्ये चाहत्याने जीव तरी कोणावर लावायचा?

तरीही या मुली निकाल देतात. जुलै २०२५ मध्ये चियांग माईत भारताने थायलंडला २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून ती मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल ईस्ट बंगालच्या संगीता बासफोरचे.

आता माझ्या मित्रांना माझा उलटा प्रश्न. २०२२ चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, म्हणजे अख्खा महाराष्ट्रात. २०२४-२५ च्या लीगमधल्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. एफसी कोल्हापूर सिटी हा आपला संघ पूर्वी या लीगमध्ये खेळून गेलाय, तो कोणाला आठवतोय का? पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या फुटबॉल सामन्याला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जागा धरायला दुपारपासून भांडणारे तुम्ही. त्या सामन्याआधी त्याच मैदानावर, त्याच तिकिटात, मुलींचा एक सामना ठेवा. एक हंगाम, दर वेळी, तारखा आधी जाहीर करून. त्यानंतर मला स्टँडचे फोटो पाठवा.