सिलिकॉनचा गोळा कानात नाही, कानावर

गेल्या आठवड्यापासून आमच्या पूर्व भागातल्या तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. कान बंद करायच्या सिलिकॉनच्या पारदर्शक गोळ्यांच्या डबीचा फोटो आणि खाली मजकूर: "कानात आतपर्यंत दाबा, आवाज १०० टक्के बंद. कारखाना असो की डीजे, कान सुरक्षित. पोहताना, सूर मारताना पाण्याचा थेंब आत नाही. मुलांना अर्धा तुकडा पुरे. कान फुटलेल्यांनाही चालते. धुऊन वर्षभर वापरा." वस्तू वाईट नाही, माझ्याही घरात आहे. पण मेसेजमध्ये ती वापरायची जी रीत सांगितलीय, ती जवळपास सगळीच उलटी आहे.

सुरुवात 'आतपर्यंत दाबा'पासून. स्पंजसारख्या फोमचे इअरप्लग असतात ते वळून कानाच्या नळीत घालायचे. हे सिलिकॉनचे गोळे वेगळे. तळहातावर मळून थोडी ऊब आली की भाकरीच्या उंड्यासारखा चपटा करायचा, कानाच्या भोकाबाहेरच्या वाटीत ठेवायचा आणि कडा बोटाने बसवायच्या. भोक झाकलं की काम झालं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तीही वाकडी, आणि तिच्या टोकाला पडदा. मऊ गोळा आत ढकलला की काढताना तुटतो, मग उरलेला तुकडा काढायला कानाचा डॉक्टरच लागतो. घरी पिन नाहीतर चिमटा घालाल तर तो आणखी आत जाईल.

'१०० टक्के बंद' हे कुठल्याच प्लगला जमत नाही. आवाज कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो, ती वाट भोक बुजवून बंद होत नाही. या गोळ्यांच्या नावाजलेल्या पाकिटावर आवाज २२ डेसिबलने उतरतो असं छापलेलं असतं, चांगल्या फोमच्या प्लगवर ३०च्या पुढे. आणि छापील आकडा प्रयोगशाळेतला. तिथं प्लग बसवणाऱ्याला घाई नसते, घाम नसतो. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था सांगते की फोमच्या प्लगचासुद्धा छापील आकडा निम्माच धरा. आपण तोच उदार हिशोब सिलिकॉनला लावू, म्हणजे उरले ११.

आता कारखाना. आमचे अप्पा तीस वर्षं कापडाच्या मागावर कामाला होते. चादरीच्या शेडमध्ये धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, दर फेरीला दोन्हीकडं आपटतो आणि असे माग शेजारी-शेजारी. अप्पा आजही घरात बोलतात ते चौकात ऐकू जातं, आणि टीव्हीचा आवाज आम्ही कमी केला की म्हणतात, "बंद का केला?" धोट्याच्या मागांच्या शेडमधला आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. त्यातून ११ वजा करा. निऑशच्या हिशोबात आठ तासांना ८५ ही हद्द आहे. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा.

शिवाय शेडमध्ये रुईची तुसं उडत असतात. चिकट गोळा एकदा काढून मागाच्या कडेला ठेवला की दहा मिनिटांत त्याला लव फुटते, रव्यात घोळवल्यासारखा दिसतो. तोच परत कानावर लावायचा? मागावर फोमचे प्लग किंवा कान झाकणारे इअरमफ बरे, आणि ते पाळीभर न काढणं त्याहून महत्त्वाचं. आठ तासांत अर्धा तास प्लग काढला, तर तो कितीही भारी असला तरी फायदा १२ डेसिबलच्या वर जात नाही. आवाजाची ऊर्जा निम्मी होते तेव्हा ३ डेसिबल उतरतात. अर्धा तास म्हणजे पाळीचा सोळावा भाग, म्हणजे चारदा निम्मं. चहाला जाताना शेडबाहेर पडून मग प्लग काढा, एवढंच.

डीजेचं गणित याहून वाईट. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ १५ मिनिटं. स्पीकरच्या भिंतीसमोर ११० असेल तर गोळे लावूनही तुम्ही ९९ वर उभे, आणि मिरवणूक काय १५ मिनिटांत संपते का बे? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवरून वीस मीटरवर गेलात की प्लगइतका फायदा फुकटात. अरुंद रस्त्यावर जरा कमी, पण फुकटच.

पाण्याबाबत मात्र मेसेज अर्धा खरा आहे. पृष्ठभागावर पोहायला, डोक्यावरून आंघोळ करायला हे गोळे फोमपेक्षा सरस, कारण फोम पाणी पितो. कान कोरडा हवा, केस मागं सारलेले हवेत, एक बट जरी खाली अडकली तरी पाणी शिरतं. पण सूर मारायला? आपल्याकडं पोरं उन्हाळ्यात विहिरीत काठावरून उड्या घेतात. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. झाकणाच्या आत अडकलेल्या हवेला वाट नसल्यानं कानातला दाब सारखा करता येत नाही, गोळा आत रेटला जातो आणि पडद्यावर ताण येतो. म्हणून सूर मारायचा असेल तर गोळा नको. काढतानाही झटक्यात ओढू नका. कड उचलून आधी हवा जाऊ द्या.

मुलांना अर्धा तुकडा देऊ नका, लहान गोळा आत घसरतो. अख्खाच लावा आणि मोठ्या माणसानं लावा. पडद्याला भोक असेल किंवा पडद्यात डॉक्टरांनी बारीक नळी बसवली असेल तर डॉक्टर ठरवतील. कान वाहत असेल तर झाकायचाच नाही. आणि धुऊन वर्षभर? साबणानं चिकटपणा जातो. चार-पाचदा वापरला, मळला, चिकटेना, की टाकून द्यायचा.

शेजारच्या काकांनी तो मेसेज वाचून डबी आणलीच होती. परवा विचारत होते, "आता पैसे पाण्यात गेले का?" म्हटलं, पाण्यातच वापरा. नातवंडांना पोहायच्या टँकवर नेता ना, तिथं. त्यांनी तिथंच एक गोळा मळायला घेतला आणि पहिल्याच फटक्यात कानाच्या भोकाकडं नेला. मी हात धरला.