मावशींनी कप आणले

आत्ताच घरी पोचले, जेवण गेलं नाही, म्हणून इथे लिहायला बसलेय. पोस्ट मोठी होणार आहे.

आज एका समाजकार्य कॉलेजात (नाव घेत नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका) फील्डवर्कचा समारोप होता. एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सची, पोरं वर्षभर प्रत्यक्ष काम शिकायला ज्या संस्थांमध्ये जातात त्यांचा सत्कार, शाल, श्रीफळ, ट्रॉफी, सगळं साग्रसंगीत. आमच्या संस्थेकडून मी गेले आणि हट्टाने आमच्या वस्तीतल्या मावशींना बरोबर नेलं, कारण यंदाची आठच्या आठ पोरं मुंबईत गोवंडीला मावशींच्याच गल्लीत होती. मावशी ठेवणीतली जांभळी साडी नेसून शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेल्या. मधल्या चहाच्या वेळी एक मुलगी आली आणि म्हणाली, "मावशी, कप संपलेत, आत अजून आहेत का?" आणि मावशी उठल्या हो! एक शब्द बोलल्या नाहीत, पँट्री कुठंय ते शिपायाला विचारलं, आत गेल्या आणि कपांचा ट्रे घेऊन आल्या.

त्या पोरीला मी दोष देत नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं ह्या कोण ते. सत्काराच्या यादीत नाव नाही, कारण मावशी कुठल्याच 'एजन्सी'च्या, म्हणजे फील्डवर्कच्या संस्थेच्या, स्टाफमध्ये नाहीत. बास, एवढंच कारण. आठ पोरांना वर्षभर दार न् दार फिरवलं, कुणाच्या घरी कधी जायचं, कुणाच्या नवऱ्यासमोर काय बोलायचं नाही, हे सगळं शिकवलं, पण हजेरीपटावर नाव नाही म्हणून शाल नाही.

मी 2015 ला एमएसडब्ल्यूला होते. जुलै, पहिला फील्डवर्कचा दिवस, हातात फाईल, फाईलमध्ये सर्व्हेचा फॉर्म. गोवंडीतल्या शिवाजीनगरच्या त्या गल्लीत एक बाई पाईप लावून निळा ड्रम भरत होती आणि मी तिच्यासमोर उभी राहून विचारलं, "तुमचं मासिक उत्पन्न किती?" ती बघतच राहिली. मागून मावशी आल्या, म्हणाल्या, "पोरी, फाईल घाल पिशवीत. आधी हा ड्रम धर, पाणी जाईल आत्ता." मी धरला. पाणी गेल्यावर त्या बाईने आत बोलावलं, कोरा चहा दिला आणि न विचारता सगळं सांगितलं. विकतच्या पाण्याला रोज किती जातात, जरीकामाचे पैसे किती आठवड्यांनी मिळतात, थोरली पोरगी शाळेत का जात नाही.

आणि रात्री रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे कॉलेजला द्यायच्या फील्डवर्कच्या लेखी अहवालात, मी काय लिहिलं माहितीय? 'विद्यार्थिनीने महिलेशी रॅपो प्रस्थापित केला.' म्हणजे विश्वासाचं नातं जोडलं. मॅडमनी आयसीला (फील्डवर्कवर एकेकाशी होणारी चर्चा) समोर बसवून कौतुक केलं, समासात हिरव्या पेनने 'व्हेरी गुड' लिहिलं. मावशींचं नाव त्या पानावर कुठेच नाही. ती फाईल माझ्याकडे अजून आहे, मघाशी काढून बघितली, आणि जेवण गेलं नाही ते त्यामुळेही.

आपण समाजकार्यवाले सगळे हेच करत आलोय. केसवर्क, ग्रुपवर्क, कम्युनिटी ऑर्गनायझेशन, पेपर पाठ करायचे आणि आठवड्यातून दोन दिवस वस्तीत जायचं. ते दोन दिवस कोणाच्या भरवशावर चालतात? अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, अशी एखादी मावशी. संस्थांचं काय, कंपन्यांच्या सीएसआर निधीचा प्रोजेक्ट तीन वर्षांचा, पैसे संपले की ऑफिस बंद, नवी संस्था, नवे टी-शर्ट, पुन्हा तोच सर्व्हे. मावशी तिथेच. त्यांचे आईवडील 72 च्या दुष्काळात जालन्याकडून आले, तेव्हापासून हे घर मुंबईतच आहे. दर जुलैला दारात नवी पोरं आणि दर जुलैला तेच, फाईल पिशवीत घाल.

देशातलं पहिलं समाजकार्याचं कॉलेज, म्हणजे आजचं टिस, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, (माझं कॉलेज ते नव्हे) 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये सुरू झालं. आधी वस्तीतलं काम होतं, वर्ग नंतर भरले. 1984 चा पोलीस आवारातला बायकांसाठीचा स्पेशल सेल घ्या, 1996 ची मुलांसाठीची हेल्पलाइन, चाइल्डलाइन 1098 घ्या, रस्त्यावरच्या पोरांशी आणि मार खाल्लेल्या बायकांशी रोज बोलूनच उभं राहिलंय ना ते? परीक्षेला आपण हे सगळं लिहितो. आणि वस्तीतली बाई कॉलेजात आली की तिच्याकडे कप मागतो.

मान्य, कॉलेजांचे हात बांधलेत, मानधनाला बजेटमध्ये हेड नसतो, ऑडिटवाले क्वालिफिकेशन विचारतात, आणि शिकवणारे निम्मे स्वतःच कंत्राटावर, दर वर्षी ऑर्डरची वाट बघत असतात. काही सर-मॅडम मावशींना मनापासून मानतात, हेही खरं. पण एका शालीला कुठला हेड लागतो?

जानेवारी 2016, वस्तीजवळच्या देवनार डंपिंगला, म्हणजे कचरा डेपोला, आग लागली तेव्हाची गोष्ट. आकाश दिसत नव्हतं, कॉलेजने सांगितलं फील्डला जाऊ नका, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. संध्याकाळी मावशींना फोन केला तर खोकत खोकत म्हणाल्या, "येऊ नको बाळा, तुला सवय नाही धुराची." त्या दिवसभर तान्ही पोरं असलेल्या घरांमध्ये ओले फडके बांधत फिरत होत्या, दम्याच्या दोन म्हाताऱ्यांना रिक्षात घालून राजावाडी हॉस्पिटलला नेलं होतं. मी चार दिवसांनी गेले, सगळं विचारून घेतलं आणि रेकॉर्डिंगमध्ये हेडिंग टाकलं, 'कम्युनिटी मोबिलायझेशन'. त्याचेही मार्क मलाच.

आज परत येताना रिक्षात मी नुसती धुमसत होते. मावशी खिडकीतून, म्हणजे रिक्षाच्या त्या उघड्या बाजूने, बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "ती चष्म्यावाली आहे ना आपल्या आठातली, लाजते फार. तिला पुढच्या मंगळवारी गटाच्या बैठकीत हिशोब वाचायला दे." मी म्हटलं मावशी, तुम्हाला राग नाही आला? तर म्हणाल्या, "आला की. पण पोरं बिनचहाची उभी होती."

मला रडू आलं, रिक्षावाला आरशातून बघत होता.

सोमवारी कॉलेजात पत्र देणार आहे. फील्डवर्क मॅन्युअलमध्ये वस्तीतल्या मार्गदर्शकांची नावं छापा, पुढच्या ओरिएंटेशनला मावशींचं एक सेशन ठेवा, स्टेजवर, खुर्चीवर बसून, आणि जाण्यायेण्याचे पैसे द्या. त्याला जोडायला यादी हवीय. मावशींच्या गल्लीत ज्यांनी ज्यांनी फील्डवर्क केलंय त्यांनी खाली आपापली बॅच लिहा. कॉलेज कुठलंही असो, फक्त वर्ष लिहा. माझं 2015-17.