‘आजार असेल तर वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, शेवटी मावशीनेही. मजकूर थोडक्यात असा: ‘थायरॉईड, पीसीओडी, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल तर डाएट-व्यायामाने वजन कमी होत नाही. थायरॉईडमुळे चयापचय बंद पडतं. चाळिशीनंतर ते तसंही मंदावतं. पीसीओडी असेल तर हार्मोन्सपुढे काही चालत नाही. मधुमेह्यांनी खाणं कमी केलं तर चक्कर येऊन पडतील. गुडघे दुखत असतील तर व्यायाम जमणार नाही, मग वजन उतरणार कसं? आणि उतरलंच तर दुपटीने परत येईल. म्हणून शरीराचे हाल करू नका, आहे तसं स्वीकारा.’ खाली जोडलेले हात.

मला हसू आलं नाही, कारण ही भाषा माझीच होती. अकरा वर्षांपासून मला हायपोथायरॉईड (थायरॉईड ग्रंथी कमी काम करते तो आजार) आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, आणि बरीच वर्षं मी हेच सगळ्यांना ऐकवत होते. शरीराचे हाल करू नका हे मान्यच आहे. बाकीचं मात्र एकेक करून बघू.

सुरुवात थायरॉईडपासून. चयापचय ‘बंद’ पडलं तर माणूस जिवंत राहणार नाही. ते मंदावतं, हे खरं. पण त्याने वजन किती वाढतं? अमेरिकन थायरॉईड असोसिएशनचा आकडा साधारण २ ते ४.५ किलोचा आहे, तोही आजार किती तीव्र आहे यावर अवलंबून. शिवाय त्यातला मोठा भाग चरबीचा नसतो, अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. गोळ्या सुरू होऊन टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडलं की तो वाढतो) जागेवर आलं की तेवढं उतरू शकतं. त्यापलीकडचं वजन थायरॉईडच्या खात्यावर टाकता येत नाही. माझ्याकडे त्यापलीकडचे चौदा किलो होते.

अर्थात गोळी नीट पोटात जायला हवी. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची असते. मी दोन वर्षं थायरॉईड आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या एकाच डबीतून काढून एकाच घोटात गिळत होते. टीएसएच वर, डोस वर, मी हैराण. एकदा डॉक्टरांनी ‘गोळी कशी घेता ते करून दाखवा’ म्हटलं, तेव्हा उलगडा झाला. डबी बदलली, पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. वजन दीड किलो उतरलं आणि तिथेच थांबलं. आता सबबही संपली होती.

‘पण मी तर काहीच खात नाही!’ हे वाक्य मेसेजमध्ये लिहिलेलं नसलं तरी त्याचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. दिवसाला १२०० कॅलरीपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या दहा जणांचा. शरीर खरोखर किती ऊर्जा वापरतं हे त्यांना खास प्रकारचं पाणी पाजून मोजलं. चयापचय ठीकठाक निघालं. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. माणसं दहाच होती, त्यामुळे हे आकडे सगळ्यांना सरसकट लावू नयेत. ते खोटं बोलत होते असंही मला वाटत नाही. अंदाज असाच चुकतो.

माझा चुकला होता तो तेलात. स्वयंपाकात ‘दोन चमचे तेल’ हा माझा ठाम दावा होता. एका रविवारी बाटलीतून नेहमीसारखी धार सोडली, पण कढईऐवजी वाटीत, आणि मग मोजायच्या चमच्याने ते परत काढलं. मोठे पाच चमचे. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात. म्हणजे माझ्या हिशेबात कुठेच नसलेल्या साडेतीनशे कॅलरी, आणि हे एकाच वेळच्या स्वयंपाकात. भांड्यातलं उरलंसुरलं ‘टाकायला नको’ म्हणून उभ्याउभ्या तोंडात टाकायचे, ते तर वेगळंच. त्यानंतर तीन आठवडे वहीत सगळं लिहिलं. कुठला पदार्थ सोडला नाही, फक्त लिहीत गेले. मला तरी सगळ्यात जास्त उपयोग त्या वहीचा झाला.

चाळिशीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास आला. शरीराचा आकार आणि बांधा हिशेबात घेतला तर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळपास स्थिर राहतं, साठीनंतर ते वर्षाला सुमारे ०.७ टक्क्यांनी घसरतं. चाळिशीत कमी होतात ते स्नायू, झोप आणि पायांची वर्दळ.

पीसीओडीबद्दल, म्हणजे बायकांच्या अंडाशय आणि हार्मोन्सच्या तक्रारीबद्दल, मेसेज अर्धा बरोबर आहे. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही, त्यामुळे वजन उतरवणं जड जातं. ते ‘मनावर घेतलं की होतं’ म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. पण वजन ५ ते १० टक्के घटलं तरी अनेकींची पाळी नियमित व्हायला मदत होते. ८० किलोच्या बाईसाठी हे ४ ते ८ किलो झाले. आणि या आजारासाठी म्हणून एखादा आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही, तेव्हा ‘पीसीओडी स्पेशल’ म्हणून विकले जाणारे तक्ते खुशाल बाजूला ठेवा.

आता मधुमेह. इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकतो, आणि खरा धोकाही इथेच आहे. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक त्यात होते. एका गटाला वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांचं काय? ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत (२०१७) आजार सहा वर्षांच्या आतला असलेल्यांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला, नंतर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के.

तरी ८५० हा आकडा वाचून कुणी उद्यापासून जेवण सोडू नका. त्या चाचणीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या आणि पुढेही लक्ष ठेवलं होतं. मेसेजमधल्या ‘चक्कर’ची भीती इथे खरी आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असताना ताट अचानक अर्धं केलं तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेताना पिष्टमय खाणं एकदम तोडलं तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढण्याचा वेगळाच धोका असतो. म्हणजे जेवण आणि औषधाचा डोस एकत्र बदलावे लागतात, आणि डोस बदलायचा तो डॉक्टरांनी. काही औषधांनी वजन वाढतंही: इन्शुलिन, स्टेरॉईड, मानसिक आजारांवरची काही औषधं. पर्याय आहे का, हे जरूर विचारा, पण मनाने गोळी बंद करू नका.

गुडघ्यांच्या बाबतीत मेसेजने गृहीत धरलंय की वजन मुख्यतः व्यायामाने उतरतं. तसं नाही. गुडघ्याचा संधिवात असलेल्या ४५४ जणांची दीड वर्षाची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन सरासरी २ किलोच्या आसपास उतरलं, फक्त आहार बदलणाऱ्यांचं ९ किलोच्या आसपास, दोन्ही करणाऱ्यांचं त्याहून थोडं जास्त. दुखणं सगळ्यात कमी झालं ते दोन्ही करणाऱ्यांचं, जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे गुडघ्यांनी साथ दिली नाही तरी सुरुवात ताटापासून करता येते. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, त्यामुळे चालणं मागाहून आपसूक सोपं होतं. मी पहिले दोन महिने खुर्चीत बसून पाय सरळ उचलण्यापलीकडे काही केलं नाही.

राहिलं ‘दुपटीने परत येतं’. काही वजन परत येतं, बहुतेकांचं येतं, आणि शरीर त्यासाठी भुकेपासून सगळी अस्त्रं वापरतं. पण लुक अहेड या चाचणीत टाईप २ मधुमेहाच्या पाच हजारांहून जास्त लोकांपैकी आहार-व्यायामाच्या गटाचं वजन पहिल्या वर्षी ८.६ टक्के घटलं होतं आणि साडेनऊ वर्षांनंतरही ते मूळ वजनापेक्षा ६ टक्के कमीच होतं. हार्ट अटॅकचं प्रमाण त्यांच्यात अपेक्षेइतकं घटलं नाही, हेही सांगायला हवं. माझे चौदापैकी नऊ किलो उतरले होते, त्यातले दोन परत आलेत. टीएसएच ठीक आहे, तेल पुन्हा धारेने पडायला लागलंय.

मावशीला हे सगळं काही लिहिलं नाही. फोन करून एवढंच विचारलं, ‘मावशी, तुझ्या शुगरच्या गोळीचं नाव काय गं?’ तिने चष्मा शोधला, पट्टी उलटसुलट केली आणि अडखळत वाचलं, ‘ग्लि-मे-पि…’ गुरुवारी तिला डॉक्टरांकडे जायचंय. तोवर काही कमी करायचं नाही, नुसतं वहीत लिहायचं, असं ठरलंय.