यंत्राच्या आधी त्याची हवा पोचते

मी वीस वर्षं भाषांतराचं काम करते. माहितीपुस्तिका, औषधांची पत्रकं, करारनामे. अलीकडे फाइल एआयमधून काढूनच येते आणि सोबत एक ओळ असते, "फक्त नजरेखालून घाला." दर निम्मा, मुदत निम्मी.

परवा एका कापणी यंत्राची पुस्तिका आली. त्यातलं एक वाक्य होतं, "पहारेकरी काढलेला असल्यास यंत्र चालवू नये." मूळ इंग्रजीतला 'गार्ड' म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण. मराठी वाक्याचं व्याकरण चोख, शुद्धलेखन चोख. पण ते वाचून कुणी झाकणाशिवाय बटण दाबलं, तर बोटं जातील. अशी चूक नुसत्या नजरेखालून घालून सापडत नाही, कारण वाक्य कुठे अडखळतच नाही. मूळ मजकूर शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून बघावा लागतो, आणि त्याला जवळजवळ भाषांतराइतकाच वेळ लागतो.

यंत्राशी माझं वैर नाही. परिभाषा शोधायला मीही ते वापरते. माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. "लवकरच हे सगळं यंत्रच करणार" एवढ्या बोलण्यावर माझ्या कामाची किंमत आजच पाडली गेली. बाजारात तुरी, आणि दर इथे कापूनही झाला!

असं बोलणं नवीन नाही. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पैशातून फ्रँक रोझेनब्लॅट या संशोधकाने पर्सेप्ट्रॉन हे उदाहरणांवरून शिकणारं यंत्र दाखवलं. ५० प्रयत्नांनंतर ते डावीकडची आणि उजवीकडची खूण वेगळी ओळखू लागलं होतं, बस एवढंच. वर्तमानपत्रात मात्र छापून आलं की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील, त्याला स्वतःच्या अस्तित्वाचं भानही येईल. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन म्हणाले, नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. हिंटन या विषयातले फार मोठे शास्त्रज्ञ, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. तरीही अंदाज चुकला. आज अनेक देशांत रेडिओलॉजिस्ट कमी पडताहेत. तेव्हा त्यांचं ऐकून किती मुलांनी ती वाट सोडली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शास्त्रज्ञाचा अंदाज चुकतो, ते मी समजू शकते. पण ज्यांचा माल विकायचा आहे तेच भविष्यही सांगतात, तेव्हा मला भीती वाटते. मे २०२३ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन अमेरिकी सिनेटसमोर म्हणाले, आमच्यावर सरकारी नियंत्रण हवं, परवाना पद्धत आणा. त्याच महिन्यात युरोपचे प्रस्तावित नियम पाळणं जमलं नाही तर तिथलं काम बंद करू, असंही ते बोलले. दोनच दिवसांत ते विधान मागे घेतलं, पण कायदा करणाऱ्यांच्या कानावर जायचं ते गेलंच. नियम कुणी करायचे आणि ते कितपत कडक असावेत, हे ठरवताना या कंपन्या टेबलाशी बसलेल्या असतात. ज्यांचं काम जाणार म्हणतात, त्यांना तिथे कोण विचारतं?

आणि या "आपोआप" चालणाऱ्या यंत्रामागे माणसंच आहेत. चॅटजीपीटीने घाणेरडं, हिंसक काही लिहू नये म्हणून तसला मजकूर दिवसभर वाचून त्यावर खुणा करण्याचं काम केनियातल्या कामगारांनी केलं. हातात पडत होते तासाला २ डॉलर किंवा त्याहून कमी. हे जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' या अमेरिकी नियतकालिकाने उघड केलं. यंत्राचं कौतुक सांगणाऱ्या भाषणांत ही माणसं मला कधी दिसली नाहीत.

पहारेकऱ्याचं वाक्य मी दुरुस्त केलं. त्या पुस्तिकेत तशा आणखी सहा जागा सापडल्या. प्रत्येकीपुढे मूळ शब्द, चुकीचा शब्द आणि त्यातून होऊ शकणारा अपघात असा तक्ता करून फाइलसोबत पाठवला, आणि लिहिलं की या कामाला पूर्ण दर लागेल. "तक्ता फार उपयोगी पडला, पुढच्या प्रत्येक कामासोबत असाच द्या," असं उत्तर आलं. दराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. काल मी पुन्हा विचारलंय.