‘महापालिका बरखास्त करा’ या मेसेजला मळ्यातून उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. चतुर्थीच्या वर्गणीसाठी काढलेल्या आमच्या मळा या पणजीतल्या वाड्यावरच्या ग्रुपवरसुद्धा तो आला, आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: ‘पणजीची वाट लावली ती महापालिकेने. रस्ते त्यांनी खोदले, स्मार्ट सिटीचे कोट्यवधी त्यांनी उडवले, पावसात शहर त्यांच्यामुळे बुडतं, मांडवीत कॅसिनो त्यांनी आणले. एवढ्याशा शहराला तीस नगरसेवक हवेतच कशाला? महापालिका बरखास्त करा आणि कारभार सरळ सरकारी अधिकाऱ्याच्या हाती द्या.’ खाली सही ‘एक जागरूक पणजीकर’.

मी महापालिकेचा वकील नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी नगरसेवक झालेला नाही, आणि रस्त्याची धूळ माझ्याही देवघरात बसली आहे. तरीही हा मेसेज मला पुढे ढकलवेना. त्यातला राग खरा आहे. पत्ता चुकला आहे.

रस्ते आणि कोट्यवधी ही दोन वाक्यं एकत्रच घेतो, कारण खड्डा एकच आहे.

केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ ला सुरू झालं. पणजीचा नंबर लागला मे २०१६ मध्ये. या योजनेची मेख अशी की कामाची सूत्रं पालिकेकडे जाणारच नव्हती. प्रत्येक शहरात त्यासाठी वेगळी कंपनी काढायची होती. आपल्याकडच्या कंपनीचं नाव इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड. केंद्राने पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत द्यायचे, तेवढेच राज्याने आणि पालिकेने मिळून घालायचे, आणि कामं मंजूर करायची ती कंपनीच्या संचालक मंडळाने. निविदा कंपनीच्या, कंत्राटदार कंपनीचे. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाने सभागृहात उभं राहून ‘चतुर्थीच्या तोंडावर हा रस्ता खोदू नका’ असं सांगितलं, तरी ती विनंतीच. ऐकली तर ऐकली.

पुढे २०२३-२४ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी नाकाला रुमाल बांधून पाहिलं. मलनिस्सारण वाहिन्या, केबली, पदपथ, सगळं एकाच वेळी उसकटलं गेलं. धुळीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः शहरात फिरून कामं पाहिली. न्यायमूर्तींना खड्डे मोजायला रस्त्यावर यावं लागलं, यातच काय ते आलं.

मग महापालिका धुतल्या तांदळासारखी का? मुळीच नाही. मिशनच्या नियमांप्रमाणे अशा कंपनीचं निम्मं भागभांडवल राज्याचं आणि निम्मं शहराच्या पालिकेचं. निम्म्या घराच्या मालकानेच ‘मला कोण विचारतो’ म्हणत फिरावं, हे शोभत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने तिथे बोट ठेवलं असतं तर मी पहिला अंगठा दिला असता. ३१ मार्च २०२५ ला मिशन संपलंही. आता पदपथाच्या फरश्या उखडल्या, नव्या खांबावरचे दिवे गेले, की नावं कुणाला ठेवली जाणार? वरात कंपनीने काढली, उष्टी काढायला महापालिका.

जाता जाता बाकीची खातीही मोजून घ्या. नळाला येतं ते खांडेपार नदीचं पाणी, ओपाच्या प्रकल्पातून. ते आणतं राज्य सरकार. मलनिस्सारण राज्याकडे, वीज खातं राज्याचं, अग्निशमन दल राज्याचं, वाहतूक पोलीस अर्थात राज्याचेच. कुठे किती मजले चढवायचे याचा आराखडा करतं ते नियोजन आणि विकास प्राधिकरण, तेही राज्याच्या १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखालचं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावं परिशिष्ट जोडून शहरांकडे सोपवण्यासारखे १८ विषय लिहून ठेवले. त्यातला पहिलाच विषय नगर नियोजन. पाणीपुरवठा त्यात आहे, अग्निशमनही आहे. आपल्याकडे ते परिशिष्ट सरकारी कपाटात नीट घडी घालून ठेवलेलं असावं.

एका पावसाळ्यात आमच्या घरासमोरच्या चेंबरचं झाकण वर आलं आणि मैला रस्त्यावर वाहू लागला. चार कार्यालयांचे उंबरठे झिजवले. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्या टेबलावरचा गृहस्थ जेवायला गेला होता, आणि चौथ्या ठिकाणी मला विचारण्यात आलं, ‘पण बाब, तुम्ही आधी पहिल्या ऑफिसात गेला होता का?’ कार्यालयांची नावं सांगत नाही. ज्या पणजीकराच्या दारात कधी चेंबर तुंबलं आहे, त्याला ती पाठ असतील.

आता पाणी. मेसेजमधलं हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पावसाआधी गटारं उपसणं हे महापालिकेचं काम. ते वेळेत झालं नाही तर कान धरायचा तो तिचाच, त्यात दुसरा वाटेकरी शोधायचं कारण नाही. पण पणजी बुडते ती निव्वळ गाळामुळे, असं समजणाऱ्याने शहराची जमीन बघितलेली नाही. हे गाव दलदलीत भर घालून उठवलेलं आहे. १६३३-३४ मध्ये पणजी ते रायबंदर असा लांबलचक बांधरस्ता घालावा लागला, कारण मधे चालायला कोरडी जमीनच नव्हती. त्याच्या कडेने मिठागरं होती. एकोणिसाव्या शतकात सखल भाग भरून सरळ रस्ते आखले गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे मिळाला, तरी खालची माती काही बदलली नाही. एका अंगाला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या अंगाला मांडवी, आणि मधल्या बशीत आपण.

टेकडीवरून पाणी उतरतं तेव्हा नदीला ओहोटी असेल तर निभावतं. भरती असेल तर गटाराच्या तोंडाशी नदीच उभी असते; साफ गटारातलं पाणीही मग माघारी फिरतं. माझे वडील जून लागला की पंचांग काढायचे ते मुहूर्तासाठी नव्हे. ‘अमावास्या आहे, पायरीवरच्या चपला आत घ्या’, हा त्यांचा हवामान अंदाज. आमच्या खाजन शेतीतल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांतल्या, जुन्या लोकांनी भरतीचं पाणी अडवायला आणि ओहोटीला आतलं सोडायला मानस, म्हणजे पाण्याची दारं, बसवले होते. त्यांना जे गाळात उभं राहून कळत होतं, ते सल्लागार कंपन्यांच्या रंगीत नकाशात कितपत उतरलं, ते दर जूनमध्ये मळ्यात येऊन पाहावं.

सांतिनेजचा नाला घ्या. तो ताळगावकडून येतो आणि शहरातून वाहत मांडवीला मिळतो. ताळगाव ही पंचायत. महापालिकेची हद्द वेगळी, नदीवर हुकूम बंदर कप्तान खात्याचा. नाल्याच्या वरच्या अंगाला शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या, पूर्वी जमिनीत मुरणारं पाणी आता थेट नाल्यात येतं, आणि त्या इमारतींच्या परवान्यावर पणजीच्या एकाही नगरसेवकाची सही लागत नाही. काठावरून कचरा आणि सांडपाणी सोडणारे मात्र पणजीचेही आहेत, आणि त्यांना नोटीस द्यायला महापालिकेचा हात कुणी धरलेला नाही.

कॅसिनोंचं वाक्य लवकर संपवतो, कारण ते सरळ खोटं आहे. गोव्यात जुगाराला मनाई करणारा कायदा १९७६ चा. नव्वदच्या दशकात त्यात दुरुस्ती करून विधानसभेने आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा खेळ आणि मग पाण्यातल्या जहाजांवरचा जुगार यांना वाट करून दिली. परवाना राज्य सरकार देतं, शुल्कही तेच घेतं. मांडवी तर २०१६ पासून कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग आहे. महापालिकेच्या वाट्याला काठावरच्या कार्यालयांचे व्यापार परवाने, कचरा आणि रात्री दोनला बांदोडकर मार्गावर तिरक्या लावलेल्या गाड्या. विरोधी बाकांवर असताना ‘कॅसिनो हटवू’ म्हणणारे आणि सत्तेत गेल्यावर मुदत वाढवणारे कोण, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ते सभागृह म्हणजे विधानसभा, आणि ती पर्वरीला भरते, पणजीत नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलीच नाही, ती मी घालतो. जो विषय खरोखर महापालिकेच्या हातात होता, तो कचरा. शहराचा कचरा पूर्वी कुडक्याला जाऊन पडायचा. गावकरी उठले, प्रकरण कोर्टात गेलं, ते बंद झालं. मग रस्त्यावरचे डबे काढून घरोघरी गोळा करायची, ओला-सुका वेगळा करायची सवय या शहराला लावली गेली. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो. सकाळी भोंगा वाजला की पोदेर (पाववाला) आला की कचरेवाला, हे माझ्या आईला कित्येक महिने कळत नव्हतं. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने कचरा हाताळणाऱ्या शहरांची पाहणी केली तेव्हा म्हैसूर आणि अलप्पुळा यांच्या जोडीला पणजी वरच्या रांगेत होती. आज ती शिस्त तशीच आहे असं मी म्हणत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर पिशव्या दिसतात.

‘तीस नगरसेवक कशाला?’ या प्रश्नात हिशेब आहे, म्हणून हिशेबानेच उत्तर देतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४०,०१७ होती. म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे १,३३४ माणसं. मुंबईत २२७ नगरसेवक आणि सव्वा कोटीच्या आसपास वस्ती. तिथे एकामागे पन्नास हजारांवर. मुंबईकराला त्याचा नगरसेवक होर्डिंगवर भेटतो, मला माझा मासळी बाजारात भेटतो, आणि मी त्याला बांगड्याचा भाव विचारावा तसा दिव्याचा विचारू शकतो. हे मला कमी करायचं नाही. आणि संख्येचंच म्हणाल, तर त्याच जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती आणि आमदार ४०. विधानसभा मोठी झाली म्हणून बंद करा, असा मेसेज अजून तरी माझ्या फोनवर आलेला नाही.

उरलं ते शेवटचं: बरखास्त करा आणि सरकारी अधिकारी बसवा.

अधिकारी बसलेलाच आहे. २००२ च्या कायद्याने पणजीची महापालिका झाली. आजही गोव्यातली ती एकमेव, बाकी सगळ्या नगरपालिका. तिचा आयुक्त सरकार नेमतं, बदली सरकार करतं. महापौराला नगरसेवक निवडतात ते एका वर्षासाठी. वर्षभरात माणसाला फाइलींचे रंग ओळखू येऊ लागतात, तोवर पुढच्या निवडीची तारीख. म्हणजे मेसेज जे औषध मागतो, ते रोगी आधीपासूनच घेतो आहे, डोस तेवढा वाढवून हवा आहे.

शिवाय घटनेचं २४३-यू कलम आहे. महापालिका बरखास्त करायची तर आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि केलीच तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. कायमचा प्रशासक ही सोय घटनेत नाही. निवडणुकांचा प्रश्न सरकारच्या मर्जीवर सोडला की काय होतं, तेही गोव्याने पाहिलं आहे. राज्याच्या कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपद दिलं होतं. १२ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोकरीतल्या माणसाला हे पद देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा. तो खटला मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पालिकांच्या प्रभाग आरक्षणावरून पेटला होता.

महापालिकेला धारेवर धरायला माझी हरकत नाही, जागा मात्र दाखवतो. बाजारातल्या दुकानांचे करार कुणाशी, किती भाड्याने आणि किती वर्षांचे? सोपो, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घेतली जाणारी फी, किती जमतो आणि त्यातून बाजारात काय होतं? पे पार्किंगचं कंत्राट कोणत्या अटींवर दिलं? गटारांच्या उपशाची बिलं कोणत्या तारखांची आहेत, पावसाआधीची की नंतरची? स्मार्ट सिटी कंपनीच्या बैठकांना आपले प्रतिनिधी गेले तेव्हा काय बोलले? यातलं प्रत्येक उत्तर महापालिकेच्या इमारतीत मिळायला हवं आणि माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. ज्यांनी मेसेज पाठवला होता ते शेजारचे काका संध्याकाळी दारात आले. ‘बरोबर असेल तुझं. पण आमच्या गल्लीतला दिवा गेला आहे, तो कुणाला सांगायचा तेवढं लिहून दे.’ मी पेन घेतलं, आणि खांब नवीन आहे की जुना, ते बघायला आम्ही दोघे टॉर्च घेऊन बाहेर पडलो.